दहा हजार तासांचा हिशोब कुठे चुकतो

रोज तीन तास सराव केला, एकही दिवस चुकवला नाही, तर दहा हजार तास भरायला नऊ वर्षं आणि दीडेक महिना लागतो. इथपर्यंतचं गणित बरोबर आहे. पण तेवढे तास भरले की माणूस कुठल्याही क्षेत्रात पारंगत होतो, हे पुढचं वाक्य ज्या संशोधनाच्या नावावर खपवलं जातं, त्या संशोधनात ते सापडत नाही.

मूळ शोधनिबंध १९९३ चा. अँडर्स एरिक्सन, राल्फ क्राम्पे आणि क्लेमेन्स टेश-रोमर या मानसशास्त्रज्ञांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी निवडले. गट तीन, प्रत्येकी दहा जणांचे. पहिल्या गटातले विद्यार्थी पुढे आंतरराष्ट्रीय दर्जाचे एकल वादक होऊ शकतील असं त्यांच्या प्राध्यापकांचं मत होतं. दुसरा गट त्यांच्या खालोखाल चांगल्यांचा, आणि तिसरा संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचा. वाजवायला लागल्यापासून कुठल्या वर्षी आठवड्याला किती तास एकट्याने रियाज केला, हे प्रत्येकाला विचारलं आणि बेरीज मांडली. अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी निघाली अनुक्रमे ७,४१०, ५,३०१ आणि ३,४२० तास. पहिल्या गटाची सरासरी विसाव्या वर्षापर्यंत दहा हजारांपुढे गेली. २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने हाच आकडा उचलला आणि तो ‘नियम’ म्हणून जगभर गेला.

आता हा आकडा नीट बघा. ती दहा जणांची सरासरी आहे, उंबरठा नव्हे. एरिक्सन यांनी स्वतःच नंतर लिहिलं की त्या दहांपैकी निम्म्यांचे विसाव्या वर्षापर्यंत दहा हजार तास भरलेलेच नव्हते. शिवाय विसावं वर्ष का? अठरावं धरलं असतं तर ‘साडेसात हजारांचा नियम’ झाला असता, आणि तो पुस्तकाच्या मलपृष्ठावर इतका शोभला नसता. आणि ही मुलं अजून विद्यार्थीच होती, आशादायक असली तरी.

दुसरी गल्लत तासांच्या प्रकाराची. आपल्याकडे तालीम, रियाज आणि मैफल हे तीन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे हा फरक मराठी वाचकाला पटकन कळावा. निबंधात मोजलेला रियाज म्हणजे शिक्षकाने नेमकी उणीव हेरून दिलेला पाठ, जो एकट्याने, लक्ष एकवटून, चुका दुरुस्त करत घोटायचा. पुस्तकात मात्र उदाहरण आलं बीटल्स या बँडचं, हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवण्याचं. ती मैफल झाली. पंधरा वर्षं रोज गाडी चालवणारा माणूस शर्यतीचा चालक होत नाही, कारण त्या तासांत तो काही सुधारत नसतो, जमतं तेच पुन्हा करत असतो.

तिसरी गोष्ट जास्त मूलभूत आहे. इथे कोणताही प्रयोग झालेला नाही. कुणाला चिठ्ठ्या टाकून ‘तू जास्त रियाज कर, तू कमी’ असं सांगितलेलं नाही. ज्याचा हात लवकर बसतो त्याला कौतुक मिळतं, चांगला शिक्षक मिळतो, म्हणून तो जास्त वाजवतो, ही उलटी दिशाही या आकड्यांत तितकीच बसते. तास मोजले तेही आठवणीवरून. तेवीस वर्षांच्या मुलाला ‘आठव्या वर्षी आठवड्याला किती तास वाजवायचास?’ असं विचारून मिळालेलं उत्तर किती धरायचं? आणि हजारो तास घालून मध्येच वाद्य खाली ठेवलेले लोक अकादमीत नव्हतेच, त्यामुळे ते हिशोबातही नाहीत. यशाची जवळजवळ सगळी पुस्तकं या शेवटच्या ठिकाणी घसरतात.

पुढे काय झालं? ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी हाच अभ्यास प्रत्येक गटात १३ वादक घेऊन पुन्हा केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वोत्तम आणि चांगले या दोन्ही गटांचे विसाव्या वर्षापर्यंतचे तास साधारण सारखेच, अकरा हजारांच्या आसपास निघाले. तिसरा गट सहा हजारांच्या आसपास, म्हणजे खूप मागे. थोडक्यात, कमी रियाज करणारे वेगळे दिसतात, पण चांगला आणि सर्वोत्तम यांतला फरक तासांवरून सांगता येत नाही. बुद्धिबळात फेर्नांद गोबे आणि गियेर्मो काम्पितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनाचे खेळाडू तपासले. मास्टर दर्जा गाठायला लागलेल्या तासांची सरासरी अकरा हजारांवर आली, पण कुणाला तीन हजार पुरले तर कुणाला तेवीस हजारांहून जास्त लागले. सरासरीशेजारी हा पल्ला छापला, तर नियम तिथेच संपतो.

नियम खोडून काढणारेही आकडे वाकवतात, हेही सांगायला हवं. मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या २०१४ च्या एका मोठ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये सरावाचा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि व्यवसायांत १ टक्क्याहून कमी आला. त्यावरून ‘सराव फुकट आहे’ असे मथळे निघाले. पण हे टक्के यशाचे नाहीत. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी एवढा भाग सरावातल्या फरकाशी जुळतो, इतकंच ते सांगतात. संगीतातले २१ टक्के म्हणजे सुमारे ०.४६ चा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी), आणि मानसशास्त्रात तो भरघोस मानला जातो. मुळात रियाजाशिवाय कुणी व्हायोलिनवर सूर लावलेला नाही, ही गोष्ट त्या टक्केवारीत कधी दिसणारच नाही, कारण रियाज सगळ्यांनीच केलेला असतो. सराव कशाला म्हणायचं यावरूनही एरिक्सन आणि मॅकनमारा यांच्यात बरीच वादावादी झाली.

‘सवय लागायला ६६ दिवस’ हा याच जातीचा आकडा. त्याआधीचे २१ दिवस मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातले. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान’ सुमारे एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘किमान’ वाटेत गळून पडलं. ६६ आला लंडनमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या निबंधातून. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा हालचालीची एक साधी कृती ८४ दिवस ठरलेल्या प्रसंगी करायची आणि ती किती आपसूक होते ते नोंदवायचं. ज्या ३९ जणांच्या नोंदींवर सवय मुरत जाण्याचा वक्र, म्हणजे आलेखावरची रेषा, नीट बसला, त्यांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) ६६. पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ कुठून आले? वक्र पुढे वाढवून काढलेला तो अंदाज आहे. ही मर्यादा निबंधातच लिहिलेली आहे, ती लपवलेली नाही.

असा आकडा समोर आला की पंधरा-वीस मिनिटांत बरंच तपासता येतं. पुस्तकाच्या मागच्या टिपांतून मूळ निबंधाचं शीर्षक काढा. अनुवादात टिपा गाळलेल्या असतील तर इंग्रजी आवृत्तीत बघा. शीर्षक गूगल स्कॉलरवर घाला. बऱ्याचदा निबंधाची पीडीएफ उजव्या बाजूला मोफत मिळते. प्रस्तावना सोडून आधी पद्धतीचा भाग वाचा: माणसं किती, कोण, आणि नेमकं काय मोजलं? मग निष्कर्षांतल्या सरासरीशेजारचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते) पहा. ते सरासरीच्या निम्म्याएवढं असेल, तर त्या एका आकड्यावर स्वतःचं वेळापत्रक आखू नका. त्यानंतर निबंधाखालच्या ‘सायटेड बाय’वर टिचकी मारून, त्या निबंधांतच शोधण्याचा पर्याय निवडा आणि ‘रेप्लिकेशन’ (तोच अभ्यास पुन्हा करून पाहणं) व ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हे शब्द इंग्रजीत टाका. इथे लोक एक चूक हमखास करतात: फक्त सारांश वाचून थांबतात. ‘८४ दिवसांत २५४’ ही गंमत पूर्ण निबंध उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि १९९३ च्या त्या निबंधात झोपेच्याही नोंदी होत्या. वरचे दोन गट आठवड्याला साधारण ६० तास झोपत, शिक्षक होऊ पाहणारे साडेचोपन्न. दुपारची डुलकीही वरच्या गटांचीच जास्त. हा आकडा मात्र कुणी नियम म्हणून भिंतीवर लावलेला नाही.