मासे खाऊन भागतं, की पावडर हवीच?

व्यायाम करणाऱ्याचं मासे खाऊन भागतं, की प्रथिनांची पावडर हवीच, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वेंगुर्ल्यात आमच्या व्यायामशाळेत नवीन आलेला पोरगा आठवड्याभरात विचारतोच, "दादा, पावडर कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "काल दुपारी जेवलास काय?" उत्तर ठरलेलं: मासे. खोदून विचारलं की कळतं, भाताचा डोंगर आणि बांगडा एक.

वजन उचलणाऱ्याला दिवसाला शरीराच्या किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन 75 किलो, म्हणजे 120 ग्रॅम. मध्यम बांगड्यातून डोकं-काटे वजा जाता पंधराएक ग्रॅम मिळतात, अंड्यातून 6. कुळथात 100 ग्रॅममागे 22 ग्रॅम, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण आमच्या घरची पिठी बघा. चौघांत वाटीभर पीठ आणि वर तांब्याभर पाणी. माणशी पाच-सहा ग्रॅम. जेवण झकास होतं, हिशेब काही भागत नाही. म्हणून मी कुळथाला मोड आणून उसळ खातो, तीही वाटी भरून.

भात मात्र सोडू नका. मी एका वर्षी मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून सोडला होता. तिसऱ्या आठवड्यात, एरवी सहज उठणारं वजन खांद्यावर घेऊन बसलो तो उठताच येईना. दोघांनी मागून बार धरला. घरी आई एवढंच म्हणाली, "भात नाय खाल्लस तर वजन कसा उचलतलस?" तेव्हापासून सरावाच्या दीड तास आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. जड व्यायामाला स्नायू मुख्यतः पिष्टाचं इंधन जाळतात. आईला ते न वाचता ठाऊक होतं.

खरी अडचण पावसात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, मागोमाग श्रावण. उन्हाळ्यात बरणीत भरलेले सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, तेव्हा कामी येतात. सुका बांगडा खारट, तो बेतानेच. उरलेलं अंडी, चणे, दही. तरीही कमी पडलं तर मी पावडर घेतो, एका चमच्यात 24 ग्रॅमवाली. दुधाच्या निवळीचीच ती, त्यात पाप नाही. पण ताट न बदलता डबा आणणाऱ्यांचं मला हसू येतं.

परवा तो पोरगा आला. म्हणाला, "दादा, काल दोन बांगडे खाल्ले." दुसरा धाकट्या भावाचा होता, म्हणून घरी भांडण.