वॉरंट लागत नाही म्हणाले, मग आम्ही काय केलं

दादाला सकाळी ११ ला चौकशीला बोलावलेलं, फोनवर सांगितलं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि संध्याकाळचे ७ वाजले तरी तो पोलीस स्टेशनातच. मोबाईल काढून घेतलेला. मी आणि वहिनी धावत गेलो तर तो बाकावर बसलेला, चेहरा पार उतरलेला. तिथले साहेब म्हणाले, ताई, अटक करावी लागेल, गुन्हा दखलपात्र आहे, वॉरंट लागत नाही.

जुन्या पार्टनरने पैशांवरून फसवणुकीची तक्रार दिलेली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). खरं खोटं कोर्टात ठरेल, त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

मला तोवर खरंच वाटायचं की वॉरंट लागत नाही म्हणजे विषयच संपला. ओळखीच्या वकील मॅडमना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जास्तीत जास्त शिक्षा किती? मला कुठलं माहीत, मी एफआयआरचा फोटो पाठवला. त्या म्हणाल्या ७ वर्षं आहे, मग नुसतं दखलपात्र आहे म्हणून आत टाकता येत नाही. पळून जाईल, पुरावे गायब करेल, साक्षीदाराला धमकावेल, परत तसाच गुन्हा करेल, असं काहीतरी ठोस कारण पोलिसांनी लिहून ठेवावं लागतं, आणि तशी गरज नसेल तर हजर राहायची नोटीस द्यायची. हे सगळं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, नोटीस ३५(३) ची. आधी सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, ४१ आणि ४१ए होतं तेच, १ जुलै २०२४ पासून नंबर बदललेत. सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आणि मॅजिस्ट्रेटनेही कारणं न तपासता कस्टडी देऊ नये.

मॅडम ९ ला आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. टेबलावर अटकेचा फॉर्म अर्धा भरून ठेवला होता, दादाचं नाव, पत्ता, कलम सगळं लिहिलेलं आणि वेळेचा रकाना तेवढा कोरा. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, साहेब, इथे काय लिहिणार? हा माणूस सकाळी ११ पासून इथे आहे, त्याला बाहेर जाऊ दिलेलं नाही. मला तेव्हा समजलं नाही, नंतर त्यांनी सांगितलं की अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं (प्रवासाचा वेळ सोडून), म्हणून ती वेळ इतकी महत्त्वाची. त्या फॉर्मवर घरच्या कोणाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, तर वहिनीला त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, कोऱ्या रकान्यावर सही करायची नाही.

मग माझ्याच वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला, की तपासाला पूर्ण सहकार्य करू, अटक करणार असाल तर कारणं लेखी द्या. साहेब अर्ज घेऊन आत गेले. तो पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही, वहिनी माझा हात सोडत नव्हती. १०.४० ला नोटीस हातात आली, दादाने पोच म्हणून सही केली आणि आम्ही त्याला घेऊन बाहेर पडलो.

एक सांगायलाच हवं, नोटीस मिळाली म्हणजे सुटलो असं नाही. दिलेल्या तारखेला गेला नाहीत तर अटक होऊ शकते. नियमित हजर राहिलात तर मात्र त्या गुन्ह्यात अटक करायला पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात. म्हणून दादा ताप असताना पण गेला, आणि प्रत्येक वेळी दिलेल्या कागदांच्या यादीवर पोच घेतली.

परवा तिसरी तारीख आहे. बँक स्टेटमेंटच्या झेरॉक्सचे दोन सेट काढून ठेवलेत, एक त्यांना द्यायला, एक शिक्का मारून परत आणायला.