काय घालता हो झाडांना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. सकाळी रंकाळ्यावरून फिरून येणाऱ्या बायका आमच्या फाटकापाशी थांबतात आणि दिवसाआड कोणीतरी विचारतंच, काकू, तुमच्याकडं बारा महिने फुलं कशी हो, काय घालता झाडांना? कुजलेलं शेणखत घालते, बास. युरिया टाकला की नुसती पानं माजतात, कळी धरत नाही, तेव्हा तो नकोच.

खरं काम वेळेचं आहे. एक झाड भरात असतं तेव्हाच पुढच्याची तयारी सुरू पाहिजे. मोगरा उन्हाळ्याचा, पण त्याची मेहनत थंडीत. माझं कॅलेंडर म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी मावळतीची किरणं देवळात आत येतात, ते दिवस झाले की मी कात्री काढते. त्याआधी पंधरा दिवस मोगऱ्याचं पाणी तोडलेलं असतं, मग छाटायचा, उरलीसुरली पानं काढायची, माती उकरून खत द्यायचं आणि मग मात्र पाण्याला हात आखडायचा नाही. मार्चअखेर कळ्या दिसतातच.

पावसाळ्याची काळजी नको, जाई-जुई, सोनचाफा, पुढं पारिजातक, सगळे आपापले फुलतात, गौरीसाठी तेरडा तर न लावता उगवतो. फक्त आपल्या कोल्हापूरच्या पावसात कुंड्या विटांवर उचलून ठेवा, खालचं भोक बुजलं की मुळं कुजतात. आणि दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर दोन-अडीच महिने आधी बी टाका, ऐन नवरात्रात जाग येऊन उपयोग नाही.

आता शेवंती, माझी सगळ्यात लाडकी. तीन वर्षांपूर्वी जून ते ऑगस्ट शेंडे खुडून खुडून झुडपं अशी गोल डेरेदार केली होती, पण नोव्हेंबर उजाडला तरी एक कळी नाही, पानं मात्र हिरवीगार. खत बदललं, पाणी कमी केलं, काही नाही. मग एक दिवस मागच्या परड्यात गेले तर पाण्याच्या टाकीआड विसरलेली एक फुटकी कुंडी, तिला पिवळ्याजर्द फुलांचा नुसता गुच्छ! माती तीच, रोप त्याच आईचं. दोन दिवस विचार करत होते, मग रात्री बाहेर आले तेव्हा कळलं, गल्लीत नवा पांढरा दिवा लागला होता आणि त्याचा उजेड थेट पुढच्या कुंड्यांवर पडत होता. शेवंतीला कळी धरायला सलग मोठी रात्र लागते, रात्री उजेड पडला की तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. पॉलिहाऊसवाले फुलणं पुढं ढकलायला मुद्दाम बल्ब लावतात ते ह्याच्यासाठीच. तेव्हापासून गणपती झाले की सगळ्या कुंड्या परड्यात.

माझी लेक स्कॉटलंडात एडिनबराला असते, तिथं तर बर्फ पडतो, तरी तिचं गणित हेच. ट्युलिपचे कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मातीत पुरते, ते कित्येक आठवडे गारठ्यात पडून राहतात आणि त्या गारठ्याशिवाय धड फूलच येत नाही म्हणे, एप्रिल-मे मध्ये फुलतात. त्याच्या आधी फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मग डॅफोडिल, जूनपासून गुलाब, नंतर डेलिया, थंडीनं पहिल्यांदा दव गोठेपर्यंत. तिच्या ट्युलिपला थंडी लागते, माझ्या शेवंतीला अंधार, हे फोनवर बोलताना मला इतकं भरून आलं!

गुलाब, झेंडू सुकले की लगेच खुडा, बी धरू देऊ नका, झाड पुढच्या कळ्या काढतं. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, दर आठवड्याला, पानाच्या खालून.

शेवंतीचे फुटवे मी फेब्रुवारीत वेगळे करते. ज्यांना हवेत त्यांनी तेव्हा या, येताना कुंडी आणा, आणि त्याआधी एकदा रात्री बघून ठेवा, तुमच्या गॅलरीत दिव्याचा उजेड कुठवर येतोय ते.