आडाची दोरी आणि चौथीचा वर्ग : माझा अनुभव

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. पट ४६, शिक्षक दोन. दसरा-दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, काही पोरं आईबापासोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं ह्याच्याशीच जोडलेलं आहे.

परिसर अभ्यासात पाण्याचा धडा येतो. मी तो कित्येक वर्षं शिकवला, 'पाणी वाचवा'ची चित्रं काढून घेतली, प्रभातफेऱ्या काढल्या. पण मे महिन्यात टँकरमागं घागर घेऊन पळणाऱ्या पोरीला पाणी वाचव म्हणून मी काय सांगणार, ती तर भांडी धुतलेलं पाणी पण झाडाला घालते. म्हणून मागच्या जूनमध्ये ठरवलं की ह्या वर्षी सांगायचं काहीच नाही, फक्त मोजायचं.

सुरुवात पर्जन्यमापकापासून केली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली कापली, तळ वाकडातिकडा असतो म्हणून त्यात खडे घातले, वर थोडं पाणी टाकून तिथं शून्याची खूण केली आणि बाजूला पट्टी चिकटवली. वेळ सकाळी साडेआठची, कारण हवामान खातं पण २४ तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. पहिला मोठा पाऊस झाला, पोरं धावत आली, "मॅडम, ४५ मिलिमीटर!" आणि दुपारी महसूल मंडळाच्या सरकारी पर्जन्यमापकाची नोंद बघितली तर १९. पोरांचे चेहरे पडले. मला पण कळेना काय चुकलं, मग बघितलं तर पाणी जास्त जमावं म्हणून पोरांनी बाटलीवर घरचं नरसाळं बसवलेलं, त्याचं तोंड १५ सेंटिमीटर आणि बाटली १० ची. चौथीला वर्तुळाचं क्षेत्रफळ येत नाही, म्हणून चौकटीच्या कागदावर दोन्ही तोंडं गिरवली आणि आतले एक-एक सेंटिमीटरचे चौकोन मोजायला लावले. अर्धे-मुर्धे चौकोन जोडून मोठ्यात १७७ च्या आसपास आले, लहानात ७८-७९. म्हणजे सव्वादोन पट. ४५ ला सव्वादोननं भागलं तर २०. मंडळाचे १९ आणि आमचे २०! त्या दिवशी वर्गात जो आनंद झाला तो मी विसरणार नाही.

एक साधी गोष्ट मी तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली ती वर्षभर पुसली नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि एक हेक्टरवर दहा हजार लिटर. मग मी त्यांना जलदूत रेल्वेची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सगळं मिळून साधारण पाच लाख लिटर. तेव्हा ही पोरं पाळण्यात होती. म्हणलं काढा हिशोब, आपल्या शाळेमागच्या अडीच एकराच्या वावरात म्हणजे एका हेक्टरात किती पाऊस पडला की एक जलदूत भरेल? उत्तर आलं ५० मिलिमीटर. एक पोरगी बराच वेळ खिडकीतून त्या वावराकडं बघत बसली आणि म्हणाली, "मॅडम, मंग ती रेल्वे जाती कुठं?"

ह्या एका प्रश्नासाठी मी एवढी वर्षं थांबले होते असं वाटलं.

रेल्वे कुठं जाते ते शोधायला आम्ही गावातल्या जुन्या आडावर गेलो. (कठड्याजवळ फक्त मी, पोरं आखलेल्या रेघेच्या मागं, हा नियम कधीच मोडला नाही.) सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, मी सोडायचे आणि पोरं गाठी मोजायची, खालून डुबुक आवाज आला की थांबायचं. आड ४५ फूट खोल. एका आजोबांनी सांगितलं की पूर्वी असं परसात मोजायचे, एक परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, तर पोरांनी घरी जाऊन त्याचे पण फूट करून आणले. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, आम्ही दर सोमवारी.

जूनला पाणी ४१ फुटांवर होतं. जुलैत तीन दिवसांत ६२ मिलिमीटर पडला आणि आड वर आला फक्त एक फूट. "कामून, मॅडम?" मग आरसा आणला, उन्हाचा कवडसा आडात पाडला तर कडेचे थर स्वच्छ दिसले, वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. वर्गात तीन कापलेल्या बाटल्यांत काळी माती, मुरूम आणि वाळू भरली, झाकणाला भोकं पाडली आणि प्रत्येकीत अर्धा लिटर पाणी ओतलं. वाळूतून, मुरमातून लगेच थेंब चालू झाले. काळ्या मातीवर पाणी तसंच उभं राहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जेमतेम चमचाभर. पोरांनीच सांगितलं मग, आधी वरची माती पिऊन घेती, उरलं तर खाली देती, आणि जोरात पडला तर वढ्याला जातो. बांधबंदिस्ती, चर हे पाणी अडवून मुरवायचे शब्द मला समजावून सांगावेच लागले नाहीत.

शाळेच्या पत्र्याचा हिशोब पण केला, ६० बाय २० फूट म्हणजे १११ चौरस मीटर, ३० मिलिमीटर पावसाला तीन हजार लिटरच्या वर. लोकवर्गणीतून पन्हळ आणि दोन हजार लिटरची टाकी बसली, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि पुढचं हात धुवायला, संडासला, झाडांना.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शिकवायचं सोडून पोरांना पाऊस मोजायला लावतात अशी तक्रार झाली, मी त्या पालकांना वही दाखवली, भागाकार, दशांश, आलेख सगळं त्याच वहीत होतं. ते काही बोलले नाहीत पण नंतर पोराला सोमवारी कधी घरी ठेवलं नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एका मुलीनं आकडे वाचले, सप्टेंबरात पाणी १८ फुटांवर, आता २९ वर. मोठी माणसं ऐकत होती. ह्या उन्हाळ्यात आडावर कुणी मोटर टाकायची नाही असं तिथंच ठरलं.

एक मुलगा नोव्हेंबरात आईबापासोबत कोल्हापूरकडं फडावर गेला. त्याच्या बापाच्या फोनवरून व्हॉइस मेसेज यायचे, "मॅडम, हितं कॅनॉलला रोज पाणी हाय, आपल्या आडाचं किती झालं?" मी दर सोमवारी आकडा पाठवायचे. कधी पोचायचा, कधी रेंज नसायची. एप्रिलमध्ये परत आला, वहीतले रिकामे रकाने त्यानं मित्राच्या वहीवरून भरले आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी आडावर हजर. मी दोरी सोडली. ३८, ३९, ४०, पोरं मोजत होती. ४५ व्या गाठीला डुबुक झालं नाही, खट् असा आवाज आला.

सगळे गप्प. मग त्यानं विचारलं, "मॅडम, पाणीच न्हाई तर शून्य लिहायचं का पंचेचाळीस?"

म्हणलं, आपण कठड्यापासून मोजतो ना. त्यानं विचार केला, ४५ लिहिलं आणि पुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'दगड वाजला'.