पातेलं एकच असायचं

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

पप्पा झोपलेत. उद्या रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला परत जाणार, बॅग दुपारीच भरून दाराजवळ ठेवलीय त्यांनी. मी ओट्यावर सकाळसाठी कॉफीचा फिल्टर लावलाय आणि डायनिंग टेबलवर लिहायला बसलेय, कारण आज सकाळी ते जे बोलले ते दिवसभर डोक्यातून गेलंच नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण तेच.

पप्पा आठ दिवसांसाठी बेंगळुरूला येणार म्हटल्यावर मी सगळी तयारी चहाचीच केलेली. बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा आहेच, आलं आणलं, आपल्याकडची कडक पावडर आणली आणि गूळ तर आईनेच मागच्या वेळी दिलेला. पप्पांना गुळाचा च्या लागतो (ते च्याच म्हणतात, चहा नाही) आणि तो जमायला हात लागतो. गूळ दुधाबरोबर उकळला की दूध फाटतं, म्हणून पाण्यात आधी आलं, पात आणि पावडर चांगली खळाखळा उकळायची, दूध वेगळं तापवून घालायचं, गॅस बंद करायचा आणि मग अगदी शेवटी गूळ टाकून ढवळून लगेच गाळायचा. हे मी आईचं बघून शिकले. गूळ टाकायच्या आधी आई पातेल्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं थांबायची, आणि गाळताना गाळणीतला चोथा चमच्याने दाबून शेवटचा थेंब पण काढायची. पप्पा तो चहा बशीत ओततात, एक फुंकर, एक भुरका, आणि मग "हां" म्हणतात. तो "हां" आला की समजायचं जमलाय.

पहिले दोन दिवस तसंच चाललं. आमच्या घरमालकीणबाई, सगळे त्यांना अम्मा म्हणतात, सकाळी रांगोळी काढताना भेटतात आणि भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "काफी आय्ता?" म्हणजे कॉफी झाली का. पप्पांना मी अर्थ सांगितला तर एकदम खूश झाले, म्हणे बघ की, आपण नाही का म्हणत झाला का चहा. सहा वर्षांपूर्वी इथे नवीन आले तेव्हा मलाही हाच प्रश्न सगळ्यात आधी समजलेला, भाषा येत नव्हती तरी. उत्तर हो असो की नाही, विचारणाऱ्याला तुमची खबर घ्यायची असते एवढंच. पण एक फरक आहे. नाही झाली म्हटलं तर अम्मा खरंच आत बोलावतात.

फिल्टर मला अम्मांनीच शिकवला. दोन डबे एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोकं, त्यात तीन चमचे पावडर घालून वरून दांडीवाल्या चकतीने हलकं दाबायचं, फार दाबलं तर पाणी उतरतच नाही. मग उकळून जरा थांबलेलं पाणी कडेकडेने. आणि मग काहीच करायचं नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण आपल्या चहात सतत काहीतरी चालू असतं, ठेच, उकळ, उतू जातंय का बघ, गॅस कमी कर. इथे झाकण लावायचं आणि निघून जायचं. खाली जो काळाभोर अर्क जमतो त्याला डिकॉक्शन म्हणतात, तो उकळायचा नाही, गरम दूध त्यात घालायचं आणि दोन भांड्यांत उंचावरून वरखाली करायचं की फेस येतो. पावडर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दळून आणते. दुकानदार आधी विचारतो चिकोरी किती, मी ऐंशी-वीस घेते, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं पण रंग आणि दाटपणा येतो. आता ऑफिसमधले काहीजण चिकोरीवाली कॉफी म्हणजे खरी कॉफीच नाही असं म्हणतात, साखर घातली तर चव मेली म्हणतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. अम्मांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तीच कॉफी होतेय, सकाळी तोच वास येतोय. ती खोटी कशी काय? काळी प्यायची असेल तर खुशाल प्या, चांगलीच लागते, पण दुसऱ्याच्या पेल्यात डोकावून त्याला कमी का लेखायचं.

तर तिसऱ्या दिवशी पार्कात फिरून येताना पप्पा स्वतःहून म्हणाले चल, तुमची ती कॉफी बघू. दर्शिनीत गेलो, इथली उभ्याने खायची हॉटेलं, तिथे मी बाय टू सांगितलं, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. मुंबईच्या कटिंगसारखंच की हे, ते म्हणाले. प्यायले. "हां" काही आला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत चल म्हणाले. मग रोजच. मला वाटलं बदल म्हणून पीत असतील.

आज सकाळी घरीच केली. मी वरखाली करत होते आणि पप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते, आणि एकदम म्हणाले, "तुझ्या आईला आवडायची गं कॉफी. लग्नाआधी त्यांच्याकडं हीच असायची."

मी हातातलं खाली ठेवलं. मला माहीतच नव्हतं. म्हणजे आई माटुंग्याची, आजोबा तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, क्वार्टर्समध्ये राहायचे हे माहीत होतं, शेजारी तामिळ कुटुंबं होती हेही ऐकलेलं, पण शेजारच्या मामींनी आजीला फिल्टर दिलेला आणि आई शाळेत असल्यापासून सकाळी कॉफीच प्यायची हे आज पहिल्यांदा कळलं. १९८४ साली लग्न होऊन कोल्हापूरला आली. घरात अकरा माणसं. सकाळी एक मोठं पातेलं चुलीवर चढायचं आणि त्यात जे होईल ते सगळ्यांचं. नवीन सुनेने मला चहा नको, कॉफी करते म्हणणं, तेही वेगळं दूध घेऊन, हे कुणाच्या मनात येण्यासारखंच नव्हतं. पप्पा म्हणाले, "तिनं कधी सांगितलं न्हाई, आन् मी कधी विचारलं न्हाई." एवढंच बोलून ते पेपर वाचायला गेले.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे औषध. ताप आला, तोंडाला चव नाही, की कॉफी. लग्नघरात रात्री जागायचं असलं की मोठ्या डेगीत जायफळ घातलेली कॉफी. बारावीच्या वेळी आई रात्री अकराला माझ्यासाठी करायची, तेव्हा जायफळ नाही घालायची, झोप येईल म्हणून. ती साधीच, बाटलीतली झटपट पावडर आणि दूध. पण कप दोन असायचे! मी समजायचे की मला सोबत म्हणून पितेय. ती माझ्यासमोर पलंगावर पाय दुमडून बसायची, कप दोन्ही हातात धरून, आणि एक अक्षर बोलायची नाही. संपला की कप लगेच विसळून पालथा घालायची, म्हणजे सकाळी कुणाला दिसायला नको असेल का? की नुसती सवय होती? ते तिलाच विचारावं लागेल.

मजा अशी की ज्या चहासाठी हे झालं तो तरी आमच्या घरात किती जुना. पणजीच्या वेळी उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे, चहा नंतर शिरला. आसाममध्ये १९३०च्या सुमाराला सीटीसीचं मशीन आलं, पानं चिरडून, फाडून, गुंडाळून बारीक दाणे करणारं, आणि नंतर तीच पावडर घरोघरी पोचली. स्वस्त, थोडीशी घातली तरी रंग येतो, कितीही उकळा, कितीही दूध घाला, मागे हटत नाही. अकरा माणसांच्या पातेल्याला तेच हवं होतं. कॉफी उलट इथे जवळच, बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात. त्या डोंगरात मी दोन वर्षांपूर्वी गेलेले, मार्चमध्ये, नुकता एक पाऊस पडून गेलेला आणि सगळ्या कॉफीला फुलं आलेली. पांढरीशुभ्र, फांदीला चिकटून गजऱ्यासारखी, आणि वास थेट मोगऱ्याच्या जवळचा, कॉफीचा अजिबात नाही. वर सिल्व्हर ओकची सावली आणि त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल. आईला तिथून फोटो पाठवलेला तर तिने लिहिलेलं, आम्हाला नुसती पावडर माहीत, फूल आज बघितलं. आम्हाला! मी तेव्हा तो शब्द वाचून पुढे गेले.

मला गुळाचा चहा अजूनही जास्त आवडतो. पावसात, गवती चहाची पात हाताने चुरडून घातलेला. ते बदललं नाही आणि बदलायचंही नाही. पण ते मी निवडलंय, माझ्या घरात दोन्ही आहेत, दोन्हीची भांडी आहेत. आईच्या ओट्यावर एकच पातेलं होतं आणि त्यात काय उकळायचं हे ती यायच्या आधीच ठरलेलं होतं.

संध्याकाळी पप्पा एकटेच खाली गेले आणि तासाभराने आले. पितळेचा नाही मिळाला म्हणाले, स्टीलचा आणलाय, दोघांपुरता. पावडर उद्या जाताना ताजी दळून घ्यायची आहे, अर्धा किलो. दुकानदाराने चिकोरी किती विचारलं तर काय सांगू, असं मला विचारत होते. मी म्हटलं आईला फोन करून विचारा ना. "न्हाई, आत्ता नको," म्हणाले. मग बराच वेळ तो फिल्टर उघडून, चकती वर-खाली करून बघत बसले, पाणी किती, पावडर किती ते माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

उद्या सकाळचा फिल्टर तेच लावणार होते, पण झोप लागली. मी लावलाय. दूध अर्धा लिटर आहे, चहालाही पुरेल.