टिपूस

नाना गेल्यावरचं काकूंचं ते वाक्य आणि 'द क्राउन' या ब्रिटनच्या राणी एलिझाबेथवरच्या मालिकेचा अ‍ॅबरफॅनवाला भाग एकाच आठवड्यात यायला नको होते. "डोळ्यातून टिपूस नाही काढला हिने." तेही मला ऐकू जाईल अशा बेतानेच.

अ‍ॅबरफॅन, वेल्समधलं खाणीचं गाव. 21 ऑक्टोबर 1966 ला खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून थेट शाळेवर आला, 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं. राणीचा नवरा दुसऱ्या दिवशीच जाऊन आला, राणी आठ दिवसांनी गेली. मालिकेत ती तिथे कोरड्याच डोळ्यांना रुमाल लावते आणि नंतर पंतप्रधान विल्सनना सांगते की मला रडूच येत नाही. तिथे मी ताईकडे बघितलंच नाही. वाटलं, चला, कुणीतरी आहे आपल्यासारखं. आणि मग शेवटी काय, ती एकटी बसून अंत्यविधीतलं गाणं ऐकते आणि गालावर अश्रू! म्हणजे सुटका नाहीच. हेलन मिरेनच्या 'द क्वीन' सिनेमातही तेच, डायना गेल्यावर लोक चिडलेत की राणीला काही वाटतच नाही, आणि ही बाल्मोरलच्या रानात गाडी बंद पडल्यावर कॅमेऱ्याकडे पाठ करून रडते. पाठ तर पाठ, पण रडायला हवीच, नाहीतर बघणारा माफ करणार नाही. बरं, अ‍ॅबरफॅनच्या लोकांनी तर सांगितलंय की खरी राणी आली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं! म्हणजे न रडणारी राणी मालिकावाल्यांनीच तयार केली आणि त्यांनाही ती शेवटपर्यंत झेपली नाही.

मग मला कोण माफ करणार, माझ्यावर कुठे कॅमेरा लावलाय. नानांचं आणि माझं काय होतं ते काकूंना... जाऊ दे.

पण रात्री उगाच वाचत बसले तर कळलं की मालिकेत राणी झालेल्या ऑलिव्हिया कोलमनला उलटाच त्रास, तिला पटकन रडू येतं, म्हणून शूटिंगच्या वेळी कानात इयरपीस घालून समुद्राच्या हवामानाचा रेडिओवरचा अंदाज ऐकवायचे. कुठे वारा किती, लाटा कशा. मला एकटीलाच खूप हसू आलं. कारण दहाव्याला माझ्या डोक्यात हेच तर चालू होतं, दूध पुरेल का, गुरुजींची दक्षिणा पाकिटात घातली का, सिलेंडर बदलला का, आणि पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे हात जोडून काहीबाही कबूल करत होते आणि मी मनात पानं मोजत होते. कुणीतरी मोजायला हवीच होती. काकू जेवल्या ना त्यात, दोनदा भात घेऊन.

ताईचा मेसेज आलाय, पुढचा भाग कधी बघायचा. त्यात राणीच्या सासूबाई अथेन्सहून राजवाड्यात राहायला येतात म्हणे. उद्याच ये म्हटलं.