ग्रिलमधली शेती

ठाण्यात वर्तकनगरला आमचा दुसरा मजला, वन बीएचके, बाल्कनी कधीच हॉलमध्ये गेलेली, त्यामुळे झाडं लावायला जागा म्हणजे किचनच्या खिडकीचं बाहेर काढलेलं ग्रिल. चार फूट बाय दीड फूट. त्यातही एका कोपऱ्यात आईचा जुना कुकर आहे, तो का ठेवलाय ते विचारायचं नाही.

पहिल्यांदा हौसेने नर्सरीतून गुलाब आणि टोमॅटोचं रोप आणलं. गुलाब पंधरा दिवसांत गेला, कारण मी रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतत होते आणि ज्या सुंदर कुंडीत तो होता तिला खाली भोकच नव्हतं!! टोमॅटो नुसता लांबुडका वाढला, फूल एक नाही. मग एका रविवारी चहा घेऊन खिडकीत बसले आणि ऊन मोजलं: साडेसात ते साडेदहा, नंतर सूर्य आमच्याच गच्चीवर. टोमॅटोला निदान सहा तास कडक ऊन लागतं, तो बिचारा काय करणार. हे आधी बघितलं असतं तर पाचशे रुपये वाचले असते.

तीन तासांच्या उन्हात पालेभाजी मात्र मस्त येते. श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले, सांडशीत खिळा धरून गॅसवर तापवला आणि तळाला भोकं पाडली (एक्झॉस्ट लावा, वास फार घाण येतो). लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जवळजवळ सारखं, कारण नुसती लाल माती पाण्याने दगडासारखी बसते आणि ग्रिलवर वजनही नको. किचनमधल्या मसाल्याच्या डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मातीचा पापुद्रा उचललेला आणि खाली वाकलेल्या माना, काहींच्या डोक्यावर अजून दाण्याचं साल टोपीसारखं. ऑफिसला उशीर झाला त्या दिवशी. तीन-साडेतीन आठवड्यांत कापली, एक वाटी निघाली, म्हणजे थेपल्यांपुरती.

कोथिंबिरीला धणे अख्खे टाकू नका, लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. उगवायला आठ-दहा दिवस घेते, कधी जास्तही, तोवर उकरून बघायचं नाही (मी बघितलं). आणि एप्रिल-मेमध्ये पेरलीत तर पानांआधी फुलंच येतात, दिवाळीनंतर पेरा. पुदिना सगळ्यात सोपा, जांभळी नाक्यावरून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या, आठवड्यात पांढरी मुळं.

पाणी आता बोट खुपसून बघते, पेरभर आत ओलं लागलं तर नाही घालत.

खालच्या काकूंशी मात्र दोनदा वाजलं, "अगं, धुतलेल्या चादरीवर लाल पाणी!" डब्यांखाली ताटल्या ठेवल्या, पावसाळ्यात त्या काढून ठेवते, नाहीतर डासांची सोय. आता काकू दोरीवर कपडे टाकायच्या आधी व्हॉट्सॲप करतात, "घातलंस का पाणी?"